कवळीवाल्याचा चेहरा

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, गेली बत्तीस वर्षं लोकांना हसवत आले आहेत आणि स्वतः मात्र तोंड मिटून आहेत. गैरसमज नको. ते विनोदी अजिबात नाहीत. ते कवळ्या बनवतात. दंतवैद्य डॉक्टरबाईंच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली आहे. तिथे प्लास्टरच्या शंभरेक जबड्यांच्या संगतीत त्यांचा दिवस जातो. लोक पुढच्या दाराने येतात, नवे दात घालून पुढच्याच दाराने जातात आणि आभार मानतात डॉक्टरबाईंचे. मागे कोणी बसलेलं असतं हे त्यांच्या गावीही नसतं.

आणि या गृहस्थांच्या स्वतःच्या तोंडातले वरचे, पुढचे दोन दात गायब! का, तर खुर्चीत बसायची भीती.

"त्या खुर्चीतल्या किंकाळ्या मी बत्तीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकतोय, मेव्हणे. मला शहाणपण शिकवू नका."

यंदा दवाखान्याने वेबसाइट काढायचं ठरवलं. 'आमची माणसं' या पानावर प्रत्येकाचा फोटो. डॉक्टरबाईंनी भावोजींना बजावलं, "काका, शुक्रवारपर्यंत द्या. नाहीतर तुमच्या फोटोच्या जागी नुसतं करडं, बिनचेहऱ्याचं डोकं दिसेल."

भावोजींना त्या पानावर यायचं होतं, अगदी मनापासून. "एकदा लोकांना कळू दे," असं ते ताईला दिवसातून तीनदा म्हणत. पण कॅमेरा समोर आला की ओठ असे आवळत, जणू आत कुणीतरी कुलूप लावलंय. शेवटी त्यांनीच तोड काढली. "नेटवर सगळ्या जगाचे अवयव पडलेत. मीच मला जुळवतो. जन्मभर दुसरं काय केलं?"

ताईचं जेवणाचं टेबल चार दिवस नाका-कानांनी भरलं. नाक बुटांच्या जाहिरातीतल्या माणसाचं, भुवया कुठल्याशा निवृत्त न्यायाधीशाच्या. टक्कल मनासारखं मिळेना, म्हणून ते खरबुजाचं. प्रत्येक तुकडा मापात छापायचा, दात मोजायच्या पट्टीने मोजायचा आणि मगच कापायचा.

"अहो, तुमचे कान एवढे मोठे नाहीत," ताई म्हणाली.

"तुझं ऐकून ऐकून झालेत."

अडलं ते हसण्यापाशी. चारेकशे हसू त्यांनी नापास केली. "हे बघ, न्हाणीघरातल्या फरशा! या वयात इतके पांढरे दात म्हणजे शुद्ध लबाडी." तिसऱ्या दिवशी एका संगीत शाळेच्या पानावर निवृत्त बाईंचा फोटो दिसला आणि भावोजी ओरडलेच, "हा सुळा माझा!" भावोजींच्याच हातच्या त्या कवळीचा डावा सुळा जरासा तिरका होता. बाईंनी तो मुद्दाम तसा करून मागितला होता, सरळ दातांत मी मला ओळखणार नाही म्हणून. आता तेच हसू भावोजींना हवं होतं.

पण दुसऱ्याचं हसू न विचारता कसं घ्यायचं? त्यांनी शाळेतून नंबर मिळवला आणि बाईंना फोन लावला.

"म्हणजे माझे दात डॉक्टरबाईंनी नाही केले?"

"माप त्यांनी घेतलं. दात मी केले."

"मग मी उद्या येतेच."

गुरुवारी दुपारी चित्र सांभाळायला म्हणून मलाही दवाखान्यात नेण्यात आलं. भावोजींनी ते कौतुकाने खिडकीत उभं केलं. आता, कागद चिकटवायला माणूस डिंक वापरतो. या माणसाचा हात सवयीने कवळीच्या गुलाबी मेणाकडे गेलेला! खिडकीत ऊन आलं आणि डॉक्टरबाई आतून येईपर्यंत एक कान खांद्याला टेकला होता.

"काका, नाक कुठे निघालंय?" त्यांनी विचारलं.

भावोजी धावले, पण खरबूज हातात आलं. नेमक्या तेव्हाच संगीताच्या बाई दारात उभ्या! त्यांनी चित्र नीट न्याहाळलं. "हसणं माझंच आहे. पण माणूस कुठाय?"

माणूस तोंडावर हात धरून उभा होता.

"हात काढा की!"

"पुढचे दोन नाहीत," बोटांच्या फटीतून आवाज आला.

"दोनच? अहो, माझे तर सगळेच नाहीत!" असं म्हणून बाईंनी फटकन कवळी काढली, तळहातावर ठेवून त्यांच्यापुढे धरली आणि बोळक्या तोंडाने खदखदून हसल्या. भावोजींचा हात आपोआप खाली आला. मग ते हसले, तेही घशापर्यंत दिसेल असे. मी त्यांना तसं हसताना आजवर पाहिलं नव्हतं. रिसेप्शनवरच्या बाईंनी तेवढ्यात दोघांचा फोटो टिपला.

डॉक्टरबाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला. "लावू का? तुमची दातांतली खिडकी उघडी दिसतेय हं."

भावोजींनी चष्मा चढवला, फोटो बोटांनी मोठा केला आणि बघतच राहिले. झालं, आता नाही म्हणणार, असं मला वाटलं.

"इथे तडा गेलाय," ते फोटोतल्या कवळीवर बोट ठेवून म्हणाले. "बाई, अक्रोड फोडलेत ना?"

बाईंनी शाळकरी मुलीसारखी मान खाली घातली. "एकच."

"आणा इकडे. तासभर बसा."

"काका, फोटोचं काय?"

"लावा हो, लावा!" कवळी घेऊन ते केव्हाच मागे वळले होते. मागच्या खोलीतून यंत्राची घरघर सुरू झाली. डॉक्टरबाई सवयीने दार लोटायला गेल्या, तर आतून आवाज आला, "राहू दे उघडं. बाईंना बघायचं असेल."