अण्णांना आलेली शंका

कडेगावात मी दवाखाना थाटला, तेव्हा बाहेरची पाटीसुद्धा लागायची होती. समोरच्या औषधाच्या दुकानाचे मालक, म्हणजे आजचे आपले सत्कारमूर्ती दिनकरअण्णा माळवदे, एक कोरा कागद घेऊन आत आले. "मॅडम, तुमी नेहमी लिहिणार ती धा-वीस औषधं ह्यावर लिहा. अक्षर बघून ठेवतो." मी वाईची, नुकती डॉक्टर झालेली. मला हे मुळीच आवडलं नाही, पण लिहून दिलं. तो कागद अण्णांनी काउंटरच्या काचेखाली ठेवला आणि माझं अक्षर अंगवळणी पडेपर्यंत हलवला नाही.

अण्णांच्या दुकानात एक रीत आजही चालते. नवी चिठ्ठी घेऊन कुणी आलं, की आधी घरच्या गोळ्यांची पिशवी काउंटरवर ओतायची. पिशवी आणली नसेल तर घरी जाऊन आणायची. घाईतली माणसं वैतागतात, पण अण्णा ढिम्म हलत नाहीत. एका आजींना घड्याळ कळत नव्हतं. त्यांना अण्णांनी सांगून ठेवलं होतं, "कराडची सकाळची गाडी गेली की पांढरी, गुरं घरी आली की पिवळी." संपात एसटी बंद पडल्या, तेव्हा रोज सकाळी अण्णाच आजींच्या दारावरून चक्कर मारत.

या पिशवीनेच मला एकदा वाचवलं. ती हकिगत गावाला आजवर अर्धवटच ठाऊक आहे. आज पुरी सांगते.

गावातले एक निवृत्त सुभेदार गुडघे धरून माझ्याकडे आले. "हृदयाचा काही त्रास? कुठल्या गोळ्या चालू?" मी विचारलं. "काय न्हाई," ते म्हणाले. मी दुखण्यावरची जोरकस गोळी लिहून दिली. थोड्या वेळाने अण्णा चिठ्ठी घेऊन मागच्या दाराने आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, एक शंका हाय."

दवाखाना भरलेला होता आणि माझा पारा चढलेला. अण्णांचं पुरतं ऐकूनही न घेता मी सगळ्यांदेखत म्हणाले, "चिठ्ठी मी लिहायची, गोळ्या तुम्ही द्यायच्या. शंका घरी ठेवा."

अण्णा चिठ्ठी घेऊन परत गेले. पण गोळ्या दिल्या नाहीत.

पाचच मिनिटांत सुभेदार तक्रार घेऊन आले, "मॅडम, अण्णा गोळी देईनात." त्यांच्या मागोमाग अण्णा आले. त्यांनी अर्धी संपलेली एक पट्टी माझ्यासमोर ठेवली. सुभेदारांच्या पिशवीच्या तळाशी, जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेली ती सापडली होती. रक्त पातळ करणारी गोळी. सुभेदारांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत सांगलीला स्प्रिंग बसवली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझी गोळी त्यावर पडली असती, तर पोटात रक्तस्राव होऊन माणूस हातचा गेला असता.

"सांगितलं का नाही?" मी कसंबसं विचारलं.

सुभेदारांनी मान खाली घातली. "आवं, तुमच्याकडं यायचं सोडून सांगलीला गेलो. तुमाला वाईट वाटंल म्हणून न्हाई बोललो."

तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "सुभेदार, मॅडमना संशय आला हुता. म्हणून तर त्यांनी मला पिशवी बघाय लावली. मघाशी रागावल्या त्या दुसऱ्याच चिठ्ठीवरनं."

हे साफ खोटं होतं. अण्णांना मी खोटं बोलताना ऐकलं ते तेवढंच. ज्या बाईने चारचौघांत त्यांचा अपमान केला, तिची अब्रू त्यांनी त्याच चारचौघांत झाकली. आणि मी गप्प राहिले. गावात नवी होते, भ्याले होते. सुभेदारांनी गावभर सांगितलं, 'मॅडमनी नुसत्या नजरेनं ओळखलं.' त्या एका गोष्टीवर माझा दवाखाना चालायला लागला. लोक अजूनही मला तोंडावर ते सांगतात आणि मी हसून विषय बदलते.

पुढे मी अण्णांची माफी मागितली, पण दार लावून, एकटीने. अण्णा म्हणाले, "लोकांचा तुमच्यावर विश्वास बसला न्हाई तर माझ्या गोळ्या कोण घेणार, मॅडम?" तेव्हापासून मी रोज दुपारी दवाखाना बंद केला की त्यांच्या काउंटरवर जाते. शंका असतील त्या चिठ्ठ्या अण्णा बाजूला काढून ठेवतात. आम्ही दोघं मिळून त्या बघतो. माझं डॉक्टरीचं निम्मं शिक्षण त्या काउंटरवर झालं, असं मी मानते.

ओळखलं ते अण्णांनी, मी नव्हे. जिथे माझ्या तोंडून त्यांचा अपमान झाला, त्याच गावासमोर मी हे लिहिते आहे. सुभेदार आज पहिल्या रांगेत बसणार आहेत. हा लेख मी त्यांच्यासमोर, मोठ्याने वाचणार आहे.

अण्णा, पंचाहत्तरी झाली, आता तुमचीही पिशवी दर महिन्याला माझ्या टेबलावर ओतायची. त्यात गोळ्या कमीत कमी निघोत आणि तुम्ही खूप वर्षं त्या काउंटरमागे उभे राहा. मागचं दार आता बंद केलं आहे. शंका आली की पुढच्या दाराने या, सगळ्यांदेखत.