हलकं होतं, ते आणलं नाही

हे सांगायला मी याआधी दोनदा बसलो होतो. एकदा बायकोजवळ, लग्न नुकतंच झालं होतं तेव्हा. आणि एकदा एकटाच, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून. दोन्ही वेळा विषय बदलला. बायकोसमोर ठीक आहे — पण मोबाईलसमोर विषय बदलणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? तो मी. तेव्हा हे पहिल्यांदाच बाहेर येतंय. अडखळलो तर सांभाळून घ्या, किंवा नका घेऊ.

ओंकार माझा धाकटा भाऊ. त्याला स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. चौथीत पळताना पडायला लागला, सातवीत चाकाच्या खुर्चीत बसला, आणि एकोणिसाव्या वर्षी हातांची बोटं तेवढी शिल्लक होती. आमच्या घरी त्या आजाराचा हिशोब असाच चालायचा — काय गेलं, काय राहिलं. पारगावच्या पुढं उसात आमचं घर. मी आळेफाट्याला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. दिवस मावळला की बिबट्याच्या भीतीनं त्याची खुर्ची आत घ्यायची, मग झोप लागेपर्यंत तो आणि त्याचा मोबाईल.

त्यातूनच त्याला हातात धरून गेम खेळायच्या मशीनचं वेड लागलं. दोन कंपन्यांची दोन मशीन. नावं तोंडात बसेनात म्हणून आम्ही एकाला छोटं आणि दुसऱ्याला मोठं म्हणायचो. छोट्याचा पडदा तळहाताएवढा, गेम जुन्या पद्धतीचे, पण वजनाला हलकं आणि बटणं इतकी मऊ की बोट टेकवलं तरी पुरे. मोठ्याचा पडदा रुंद, झगझगीत. गाड्यांच्या शर्यतीत टायरखालची माती उडताना दिसायची. आणि जड. या दोघांची तुलना करणारे व्हिडिओ ओंकार सापडतील त्या भाषेत बघायचा, मग बैलगाडा शर्यतीच्या घाटात पुकारणाऱ्याच्या आवाजात आम्हाला निकाल ऐकवायचा. छोट्याचा गाडा सुटला, वजनात एक नंबर. आता मोठ्याची बारी, पडद्यात एक नंबर. मध्येच दम लागून थांबायचा. आई भाकरी थापता थापता हसायची.

नुसतं बोलून भागेना, म्हणून त्यानं दोन्ही मशीनचं वजन शोधून काढलं आणि मला काट्यावर कांदे घालायला लावले. छोट्याच्या वजनाचे तीन कांदे एका पिशवीत, मोठ्याच्या वजनाचे सहा दुसरीत. पिशवी त्याच्या दोन्ही हातांत द्यायची आणि बघायचं. तीन कांदे त्यानं मोबाईलवरचं अख्खं गाणं संपेपर्यंत धरले. सहा कांदे लगेच मांडीवर पडले, तिथून खाली घरंगळले. मग त्याचं ठरलं, हलकंच घ्यायचं.

ते कांदे खाटेखालून मीच गोळा केले. मला माहीत नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

त्याच महिन्यात पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. छातीचे स्नायूही चाललेत, येता हिवाळा निघाला तर निघाला, आईला एवढ्यात सांगू नका. मी नाही सांगितलं. मी घरातला समजूतदार मुलगा ना. तिनं दुधाच्या पैशातून बाजूला टाकलेली रक्कम माझ्याकडे दिली आणि त्याला हवं ते घेऊन ये म्हणाली.

पुण्यातल्या दुकानदारानं दोन्ही मशीन काचेवर काढून ठेवली. छोटं हातात घेतलं — खरंच हलकं होतं. मग मोठं घेतलं. त्यानं ते सुरू करून दिलं आणि मी खेळत राहिलो. मागं गिऱ्हाईक खोळंबलंय हेही कळलं नाही. आणि तेव्हा माझ्या मनात — कसं सांगू? सरळच सांगतो. मनात आलं, ओंकार काही महिन्यांचा सोबती. त्याच्यामागं हे कोण वापरणार? मीच ना. मग ते लहान पोरांचं खेळणं घेऊन मी काय करू? भाऊ घरी खुर्चीत बसून वाट बघत होता आणि मी त्याच्या मरणानंतरची खरेदी करत होतो. वरचे पैसे पगारातले घातले आणि मोठं बांधून घेतलं.

घरी सांगितलं, छोटं बंद झालं, कंपनीनं काढायचंच सोडलं. आई वस्तीभर सांगत फिरली. थोरल्यानं पदरचे पैसे घालून भावाला भारीतलं आणलं, याचं चुलत्यांनीही कौतुक केलं. ते कौतुक मी मान खाली घालून ऐकलं, आणि लोकांना तो विनय वाटला. ओंकार बराच वेळ खोक्याकडे बघत होता. मग पडदा लई भारी आहे म्हणाला.

त्याला ते धरता येईना. उशीवर ठेवलं की कलंडायचं. मी दुकानातून स्टँड आणला, तर बोटं बटणांपर्यंत पोचेनात, आणि पोचली तरी बटणं दबेनात. शेवटी आई धारा काढून आली की त्याच्यापुढं बसून ते दोन्ही हातांनी धरायची. ती पडद्याच्या मागं, तिला गेम दिसायचाही नाही. तिचे हात थरथरायला लागले की ओंकार म्हणायचा, कंटाळा आला, आता दादाला खेळू दे. मी खेळायचो. तो बघायचा. मला मजा यायची — हेही लपवत नाही आता.

दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी आई गवताला गेलेली, मी त्याच्या खाटेवर बसून खेळत होतो.

"दादा," तो म्हणाला, "ते छोटं बंद नाय झालेलं. मी रोज बघतो. अजून मिळतंय."

मी पडद्यावरून नजर हलवली नाही. गाडी वळणावर होती, मी ती वळवली.

"आईला नको कळू देऊ," तो म्हणाला. "तिला वाटंल तू खोटं बोलला."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि त्याला काळजी कुणाची होती, तर माझी. तरी तेव्हाही उशीर झालेला नव्हता. आळेफाट्यावरून पुण्याला दिवसभर गाड्या सुटतात. दुकानाच्या दारातूनच मला त्यांचे कंडक्टर ओरडताना ऐकू येत. एक दिवसाची सुट्टी, की छोटं त्याच्या हातात. पण छोटं आणलं असतं तर आईनं विचारलं असतं, बंद झालेलं कुठून मिळालं? त्या एका प्रश्नाला मी घाबरलो. बोटं चालत होती तोवर मी रोज कामावर गेलो आणि रोज रिकाम्या हातानं परत आलो. नंतर बोटंही थांबली. पौषात तो गेला.

शेवटच्या आठवड्यात त्यानं काही मागितलं नाही. माझ्याकडे तर नाहीच.

तेराव्यानंतर आईनं कपाटातून ते मशीन काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्यापुढं धरलं. "त्याचा लई जीव व्हता यावर," ती म्हणाली. "आता तूच वापर."

मी घेतलं. अजून वापरतो. उत्तम चालतं.