डावीकडे न वळणारी गाडी

त्या दोन गाड्या दुबईहून आल्या. माझे मोठे दीर पंचवटीत भाजीचा गाळा चालवायचे. द्राक्षं बाहेर पाठवणारा त्यांचा एक मित्र तिकडून येताना रिमोटवर पळणाऱ्या रेसच्या दोन गाड्या घेऊन आला. एक दिरांनी स्वतःला ठेवली, दुसरी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. भावावरच्या मायेने नव्हे. शर्यत लावायची तर हरणारा कोणीतरी लागतो.

रविवारी सकाळी अंबडला कारखान्यांच्या मागे एक मुरमाचं मोकळं मैदान होतं, तिथे ही मंडळी आपापल्या गाड्या घेऊन जमायची. दिरांचे मित्र, एकदोन व्यापाऱ्यांची मुलं, एक गॅरेजवाला. जुने टायर मांडून वळणं केलेली. शिट्टी वाजवायला आणि फेऱ्या मोजायला शाळेतले एक निवृत्त सर यायचे. नवरा दर रविवारी हरायचा आणि रात्री जेवताना दीर ते सगळ्यांना ऐकवायचे. "आज तर बैलगाडी चालवत होता लेकाचा!" नवरा हसायचा. त्या हसण्याचा मला दिरांपेक्षा जास्त राग यायचा. तो गाळ्यावर भावाच्या हाताखाली होता, आणि हे हसणं त्याच्या कामाचाच भाग असल्यासारखं झालं होतं.

दीर माझ्याशी थेट बोलत नसत. माझं माहेर सटाण्याकडचं, मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, आणि लग्नानंतरही अंबडच्या एका कंपनीत तपासणी विभागात नोकरी सोडली नव्हती. यातलं काहीच त्यांना पटलेलं नव्हतं. मी समोर उभी असले तरी ते नवऱ्याकडे बघून म्हणायचे, "तिला सांग."

एका रविवारी मी डबा घेऊन मैदानावर गेले आणि पहिल्यांदा नवऱ्याची गाडी पळताना पाहिली. ती पळत नव्हती, उड्या मारत होती. जरा खडा आला की चेंडूसारखी वर जायची आणि पडल्यावर भलतीकडे तोंड करायची. मी ती उचलून पाहिली. पुढची चाकं बदकाच्या पायांसारखी फेंगडी. एका शॉकअपमधलं तेल गळून गेलेलं.

"चाकं बाहेर फाकली आहेत," मी म्हणाले. "अशी कुठलीही गाडी सरळ जाणार नाही."

दीर नवऱ्याकडे वळले. "तिला सांग, डबा ठेव आणि सावलीत बस. हे काय पोळपाट-लाटणं नाय."

सगळे हसले. नवराही हसला. मी डबा ठेवला, गाडी पिशवीत घातली आणि रिक्षा करून घरी आले.

गाडीचं सेटिंग करायला सपाट जागा लागते. घरात खात्रीची सपाट जागा एकच होती, स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा. कंपनीतून आल्यावर मी ओटा पुसून त्यावर गाडी ठेवायची. जाऊबाईंना ते अजिबात सहन व्हायचं नाही.

"जिथे आपण अन्न शिजवतो तिथे चाकं?" त्या म्हणायच्या. "तुझ्या माहेरी हीच रीत का?"

"धुऊन ठेवली आहेत, ताई."

"धुतलेली चप्पल पाटावर ठेवतेस का मग?"

त्या माझ्या अंगावरून हात घालून मुद्दाम डबे काढायच्या, भांडी आदळायच्या. मी काम करत राहायची. शॉकअप म्हणजे तेल भरलेल्या बारीक नळ्या. त्या उघडून जुनं तेल काढलं, नवं भरलं, दांडी सावकाश वरखाली करत हवेचे बुडबुडे जाऊ दिले. मग गाडी वीतभर उचलून सोडायची. ती एकदा खाली बसून गुपचूप वर यायला हवी. उडाली तर तेल पातळ, धप्पकन पडून तशीच राहिली तर घट्ट. शेपूट फार घसरायचं म्हणून मागची बाजू जरा खाली बसवली. हिवाळ्यात सकाळी तेल घट्ट व्हायचं आणि ऊन चढलं की सैल पडायचं, म्हणून मी पहिल्या शर्यतीपेक्षा शेवटच्या शर्यतीचा विचार करून तेल निवडायची.

आणि मग स्टिअरिंग. पुढच्या प्रत्येक चाकाला एक बारीक टायरॉड असतो. तो फिरवून लांब-आखूड केला की चाकाचं तोंड आत किंवा बाहेर होतं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की मी त्या रॉडवर आणि त्याच्या टोकावर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायची. कंपनीत पक्क्या केलेल्या बोल्टवर आम्ही अशीच खूण करायचो. कोणी रॉड फिरवला तर रेघ तुटलेली दिसते.

नवरा आधी खूश झाला. गाडी आता मुरमाला धरून पळायची. तो दुसरा यायला लागला, मग दिरांच्या अगदी मागे. आणि एका रविवारी तो चक्क पुढे होता. शेवटचं वळण राहिलं होतं. मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्याने रिमोटच्या ट्रिगरवरचं बोट हळूच सैल केलं. गाडी मंदावली, दीर पुढे गेले, त्यांनी दोन्ही हात वर केले.

"सोडलीत तुम्ही," मी त्याच्या कानाशी म्हणाले.

"जाऊ दे ना. त्याला बरं वाटतं."

"आणि मला?"

"तू यात कुठे आलीस?"

पुढच्या रविवारी मी त्याच्या हातातून रिमोट घेतला आणि सुरुवातीच्या रेघेवर जाऊन उभी राहिले. कोणीतरी म्हणालं, "वहिनी, खेळ पुरुषांचा आहे." शिट्टीवाले सर म्हणाले, "गाडी कोण चालवतंय हे गाडीला कळत नाही. उभ्या राहा." मी त्या दिवशी वाईट हरले. गाडी आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं, ते हाताला समजायलाच कित्येक रविवार गेले. दिरांच्या मित्रांनी माझी गाडी उलटली की टाळ्या वाजवल्या. मी उलटलेली गाडी स्वतः चालत जाऊन सरळ करायची, कारण कोणी हात लावायचं नाही.

मग एकदा मी जिंकले.

दिरांनी त्या दिवशी जेवताना एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र घराचं वारंच फिरलं. जाऊबाई माझ्यासाठी भाजी ठेवायच्या नाहीत. गाळ्यावर नवऱ्याला हिशेबाच्या गादीवरून उठवून मेथीच्या जुड्या मोजायला उभं केलं, तेही हमालांच्या देखत. मी पुन्हा जिंकले. दीर नवऱ्याला म्हणाले, "बायकोला आवर नायतर मी तुला आवरतो." हे मला नवऱ्याने सांगितलं नाही. भिंतीपलीकडून ऐकू आलं.

मी थांबले नाही. थांबायचं कारण मला दिसत नव्हतं. दिवसभर मी कंपनीत दुसऱ्यांनी केलेले भाग तपासून त्यांतल्या चुका सांगायची आणि लोक ते मान डोलावून ऐकायचे. घरी मात्र मी भिंतीवरच्या कॅलेंडरइतकीही नव्हते.

मग दिरांनी मोठी शर्यत ठरवली. त्या रविवारी मार्केटातले व्यापारी, आडते, त्यांची मुलंबाळं सगळ्यांना अंबडला बोलावलं. कापडी मांडव घातला, मिसळीची कढई आली. मी शुक्रवारीच गाडीचं सेटिंग पुरं करून ओट्यावर तपासून ठेवलं होतं. गाडी पडवीत टांगलेली असायची, रिमोट आमच्या खोलीतल्या कपाटात.

मैदानावर पोचल्यावर मी नेहमीसारखा एक सरावाचा फेरा घेतला. सरळ रेषेत गाडी झकास गेली. उजवं वळण व्यवस्थित. डाव्या वळणावर मात्र ती बाहेर बाहेर जात टायरांवर आदळली. मी पुन्हा फेरा घेतला, तेच. मग मोकळ्या जागेत तिला गोल फिरवलं. उजवीकडे छोटं वर्तुळ, डावीकडे भलं मोठं.

मी गाडी उलटी केली. एका टायरॉडवरची नेलपॉलिशची रेघ तुटली होती. रॉड बराच फिरवला होता. एवढंच केलं असतं तर गाडी सरळ जाताना एका बाजूला ओढली असती आणि ते कोणालाही पहिल्या क्षणी कळलं असतं. पण ती सरळ जात होती. म्हणजे ते झाकण्यासाठी रिमोटवरची ट्रिमची चकतीही, म्हणजे चाकं सरळ कुठे राहावीत ते ठरवणारी, फिरवली होती. मी चकती पाहिली. मध्यावर ठेवलेली ती चांगलीच सरकलेली होती.

पहिल्यांदा माझ्या मनात दीरच आले. मांडवाखाली कोणाच्या तरी पाठीवर थाप मारत ते हसत होते. मी त्यांच्याकडे निघालेसुद्धा. आणि चालता चालता पाय थांबले. गाडी पडवीत होती, तिला कोणीही हात लावला असता. रिमोट कपाटात होता. दीर धाकट्या भावाच्या खोलीचा उंबरा कधी ओलांडत नसत. जाऊबाईंना रिमोट धरायचा कसा हेही माहीत नव्हतं.

नवरा मिसळीच्या कढईजवळ उभा होता. मी त्याला गाडी दाखवली.

"हे तुम्ही केलंत."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल."

"केलंत की नाही?"

"दादा म्हणाला, आज मार्केटासमोर मी हरलो तर उद्यापासून तू गाळ्यावर यायचं नाय." त्याचा आवाज अगदी सरळ होता, जणू हवामान सांगतोय. "तू एकदा हरली असतीस तर संपलं असतं सगळं. काय जाणार होतं तुझं?"

"मला सांगायचं होतंस."

"तू ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?"

मला तेव्हा लक्षात आलं की मी त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं. त्यालाही ते कळलं. तो आणखी काहीतरी बोलणार होता, पण मी पाठ फिरवली. दीर उघड उघड माझे शत्रू होते, त्यांच्याशी कसं वागायचं हे मला ठाऊक होतं. हा माणूस माझ्या शेजारी झोपून, सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन, माझ्यासोबत रिक्षात बसून आला होता.

मी मुरमातच मांडी घातली. ओटा नव्हता. कोणाच्या तरी स्कूटरच्या डिकीतली एक सपाट फळी खाली ठेवली, तिच्यावर गाडी ठेवली, ट्रिम मध्यावर आणली आणि डोळ्यांच्या अंदाजाने रॉड फिरवत रेघ पुन्हा जुळवली. सर शिट्टी तोंडात धरून माझ्याकडे बघत उभे होते. त्यांनी घाई केली नाही.

शर्यत सुरू झाली. सुरुवातीला दीर पुढे होते. ऊन चढलं तशी त्यांची गाडी उड्या मारू लागली, माझी जमिनीला चिकटून राहिली. डाव्या वळणावर मी आतून घुसले आणि पुढे गेले. मागून त्यांची गाडी सरळ माझ्या गाडीवर आली. चुकून नव्हे, वळण तिकडे नव्हतंच. दोन्ही गाड्या कोलमडल्या. माझी गाडी दोन कोलांट्या खाऊन चाकांवर उभी राहिली. त्यांची उलटी पडली, चाकं हवेत फिरत होती.

मी ट्रिगर दाबला. गाडी थोडी लंगडत होती, पण वळत होती. डावीकडेही. सरांनी शेवटची शिट्टी वाजवली तेव्हा मांडवातून टाळी आली नाही. एका आडत्याच्या छोट्या मुलीने वाजवली, तिला आईने गप्प केलं.

दिरांनी रिमोट मित्राच्या हातात कोंबला. ते माझ्यासमोर आले. नवऱ्याकडे न बघता, माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "समाधान झालं? आता घर चालव गाडीवर." आणि जीप घेऊन निघून गेले. आम्ही रिक्षाने परतलो. नवरा रस्ताभर बाहेर बघत होता.

गाळा खरंच सुटला. त्याच आठवड्यात आमची भांडी वेगळी काढून पडवीत ठेवलेली होती. आम्ही अंबडच्या जवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. नवऱ्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे काम मिळालं. पहिली काही वर्षं घर माझ्या पगारावर चाललं आणि ते तो मला रोज, कधी बोलून, कधी न बोलता, ऐकवत राहिला. "भावाचा गाळा होता माझा," तो म्हणायचा. मी म्हणायची, "तुझा नव्हता. भावाचाच होता." ती दोन वाक्यं आमच्या घरात इतक्यांदा झाली की शेजाऱ्यांनाही पाठ झाली असतील.

मैदानावर प्लॉट पडले, कुंपणं झाली आणि शर्यती बंद झाल्या. दिरांकडच्या लग्नकार्याला नवरा एकटा जातो. मला बोलावणं येत नाही. आलं तरी मी जाणार नाही.

मध्ये एकदा जेवताना त्याने विचारलं, "एवढ्याशा रॉडचं तू इतकं धरून ठेवलंस?"

मी त्याला वाढलं. आमटी हवी का म्हणून विचारलं. तो हो म्हणाला, मी आमटी वाढली, आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं. ते ऐकण्याइतका तो माझा राहिला नव्हता.