दुसरी डिस्क काढून ठेव

आर्विड सारेला तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढला, आणि गुडघे गेल्यावर दर शनिवारी माझ्या वाचनालयात बसून लोकांचे कॉम्प्युटर उघडू लागला. मोबदला म्हणून वेलचीचा गोड पाव चालतो. बोलणी मात्र तो फुकट आणि भरपूर देतो.

आल्या माणसाला त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "शेवटचा हात कोणी लावला?"

माणूस म्हणतो, "कोणीच नाही." आर्विड वहीत 'कोणीच नाही' असं लिहितो आणि कॉफी पीत बसतो. दुसरा कप संपायच्या आत माणूस कबुली देतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की हल्ली मी कप आधीच भरून ठेवते.

त्याच्या टेबलामागे भिंतीवर एक पुठ्ठा आहे: 'एकीवर सिस्टिम चढवताना दुसरी डिस्क काढून ठेव.' आमच्याकडे पुष्कळ जणांच्या यंत्रात दोन हार्ड डिस्क असतात, एकीवर विंडोज, दुसरीवर लिनक्स. दोन्ही जोडलेल्या असताना लिनक्स चढवलं, तर बाकी सगळं सामान जागच्या जागी बसतं, पण सुरू होण्याची फाइल गुपचूप विंडोजच्या डिस्कवर जाऊन पडते. पुढे ती डिस्क गेली की दुसरी धडधाकट असूनही उठत नाही. हे आर्विड शेंबड्या पोरालाही ऐकवतो.

मार्चमधल्या शनिवारी लेम्पी हाउताला कपड्यांच्या टोपलीत कॉम्प्युटर घालून आली. तिचा नवरा तोइवो जानेवारीत वारला. त्याने अकॉर्डियनवर वाजवलेल्या सगळ्या चाली, आणि मधे मधे केलेली बडबड, लिनक्सच्या डिस्कवर होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"यंत्र सरळ विंडोजमध्ये जातं," लेम्पी म्हणाली. "तोइवोची बाजू दिसतच नाही. वर काल पाटी आली, ही डिस्क वापरायची तर आधी पुसावी लागेल, पुसू का?"

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"प्लगच उपटला."

"लेम्पी, आयुष्यात एवढं शहाणं काम तू पहिल्यांदा केलंस," आर्विड म्हणाला आणि वही उघडली. "शेवटचा हात कोणी लावला?"

"तू."

आर्विडने कप खाली ठेवला. खरंच होतं ते. फेब्रुवारीत विंडोजची डिस्क कुरकुरायला लागली म्हणून त्यानेच ती काढून नवी बसवली होती. जुनी हातोड्याने फोडून कचऱ्यातही टाकली होती. आणि आठ वर्षांपूर्वी त्या यंत्रात लिनक्स चढवलं होतं तेही त्यानेच.

"तेव्हा दुसरी काढली होतीस ना?" मी विचारलं.

तो पुठ्ठ्याकडे बघत राहिला. कान लाल झाले होते. खरं सांगायचं तर मला थोडी मजाही वाटली.

मग तो उठला. यंत्राचं झाकण काढलं, विंडोजच्या डिस्कची वायर उपसली आणि ती डिस्क आम्हा दोघींना दिसेल अशी टेबलावर ठेवली. खिशातल्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं. लेम्पीने माझा हात घट्ट धरला होता. पडद्यावर फाइलींची यादी उतरत गेली, एकही गहाळ नव्हती.

"सगळं आहे," आर्विड म्हणाला. लेम्पी मटकन खुर्चीत बसली आणि खिशातला रुमाल काढून मोकळेपणाने रडली. मलाही हायसं वाटलं.

आर्विडने आधी सगळ्याची प्रत काढली. मग लिनक्सच्याच डिस्कवर थोडी जागा करून सुरू होण्याची फाइल तिथे बसवली. पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा चालू केलं, तर ते सरळ तोइवोच्या बाजूला उघडलं.

"सगळ्यात जुनी लाव," लेम्पी म्हणाली.

ती चाल नव्हतीच. लिनक्स चढवलं त्याच दिवशी तोइवोने माइक तपासला होता. "चालतंय का? चालतंय. बघ आर्विड, मी म्हटलं नव्हतं, ती दुसरी डिस्क काढायची काही गरज नाही? उगाच घोळ घालत होतास. चल आता वाफ घ्यायला, सौना तापलाय."

आर्विड पडद्याकडे बघत हसला. मग हसता हसता त्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिला.

"चाळीस वर्षं मी हेच सांगत होते," लेम्पी म्हणाली. "चूक त्याची असते आणि बोलणी दुसरा खातो."

आर्विडने वही जवळ ओढली. 'शेवटचा हात' या रकान्यात त्याने आधी स्वतःचं नाव लिहिलं होतं. ते खोडून त्याने 'तोइवो' लिहिलं, आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.