श्वास धरणारा दामा

दामा गेल्याचं त्याच्या बायकोने, शेवंतावहिनीने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पाण्यात?" आजार ठाऊक होता, नागपूरच्या दवाखान्यात मीच त्याच्यासोबत गेलो होतो, तरी तेच निघालं. "नाही जी भाऊजी, बाजेवर," ती म्हणाली... दोन महिने होत आले, पण मला अजून खरं वाटत नाही.

आम्ही शाळेतले दोस्त. त्याच्या घरी मासेमारी, माझ्या घरी मास्तरकी. नवेगाव बांधच्या तलावात कुणाचं जाळं बुडालेल्या खुंटात अडकलं की दामाला हाक जायची. तो बुडी मारायचा आणि काठावरचे आम्ही पैज लावून श्वास धरायचो. एकेकाचा सुटायचा. पाणी मात्र शांत. तेवढ्यात हा भलत्याच जागी वर येऊन आम्हालाच विचारायचा, "काऊन गा, मेले का सारे?"

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि गडी लवकरच पुन्हा तलावात डोंगा वल्हवताना दिसू लागला. पुढे तपासणीच्या सोनोग्राफीत लिव्हरवर एक डाग दिसला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, डाग एवढाच असेल तर तेवढा भाग कापून काढू, माणूस वाचेल; पण आधी एमआरआय करून पूर्ण लिव्हर बघावं लागेल. मशीनमध्ये सांगतील तेव्हा श्वास रोखायचा, हललं की फोटो पुसट येतो, हेही सांगितलं. दामाने तेवढंच मनावर घेतलं. "तू काऊन घाबरून राहिला? हे तं आपलं रोजचंच काम," म्हणत तो आत गेला.

बाहेर आला तो फड जिंकल्यासारखा. टेक्निशियन कौतुकाने म्हणाला, "काका, जवान लोग हिल जाते हैं, आप पत्थर जैसे पड़े रहे." दामाने त्याला तिथल्या तिथे नवेगावला मासोळी खायला बोलावलं. आम्ही दोघे हसत बाहेर पडलो. 

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. इतके स्पष्ट फोटो क्वचित मिळतात, म्हणाले. डाग एक नव्हता. सोनोग्राफीत न दिसलेले, बारीक बारीक, लिव्हरभर पसरलेले... ऑपरेशनचा विषय तिथेच संपला.  दामा माझ्याकडे वळून म्हणाला, "मी तं जराही हाललो नाही गा."  

परवा वहिनीला भेटून तलावावर गेलो. कुणाचं तरी जाळं खुंटात अडकलं होतं, दोघेजण डोंग्यातून ओढत होते. मी काठावर उभा राहिलो आणि नकळत श्वास धरला. छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, शेवटी सुटला. माझा सुटल्यावरच तो वर यायचा. मी वाट बघितली... त्या दोघांनी जाळं कापून टाकलं.