कोड माझ्या गेटवर, चहा चाचांकडे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, एक मोरी आहे, छोट्या पुलासारखी. गेल्या वर्षी संध्याकाळ झाली की तिच्या कठड्यावर चार-पाच जण बाटल्या घेऊन बसू लागले. माझी मुलगी शहरात एका लॅबमध्ये नोकरी करते आणि दिवेलागणीनंतर स्कूटरवरून परत येते. एकदा त्यांच्यातल्या एकाने तिच्या चाकापुढे पाय घातला. तेव्हापासून ती लांबचा वळसा घालून मागच्या घाटीने येऊ लागली. त्या रस्त्याला एकही दिवा नाही. तिची आई गेटवर उभी राहायची आणि मी अर्ज लिहायचो.

अर्ज मी एकट्याने लिहिले, हे इथे सांगून ठेवतो. समोरच्या चाचांनी एकही लिहिला नाही. चाचा उभं आयुष्य बोटीवर होते, आता पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करतात. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते.

शेवटी पोलिसांनी गल्ली गस्तीत घेतली. हवालदार खरोखर येऊन गेला हे ठाण्यात कळावं म्हणून एक क्यूआर कोड लावतात आणि तो मोबाइलने रोज स्कॅन करायचा असतो. मी कामावरून आलो तर कोड चाचांच्या गडग्यावर, कुंपणाच्या जांभ्या दगडांवर!

"अर्ज माझे आणि कोड त्यांच्याकडे?" मी हवालदाराला विचारलं. तो सांगलीकडचा.

"तुमच्या भिंतीला नवा रंग दिसला साहेब. म्हटलं, चिकटवलं तर ओरडाल की."

ओरडलो असतो, ते वेगळं.

हवालदार स्कॅन करायचा, गाडी रस्त्यातच लावायचा आणि चाचांच्या पडवीत चहाला बसायचा. दोघांचं हसणं माझ्या हॉलपर्यंत यायचं. पोलिसाची गाडी उभी दिसली की मोरीवरची मंडळी उठायची. हळूहळू ती यायचीच बंद झाली. मुलगी पुन्हा गल्लीतून येऊ लागली आणि वळणावर हॉर्न वाजवू लागली, तो चाचांसाठी. चाचा हात करायचे. मला आनंद झाला नाही असं नाही, पण घासात खडा यावा तसं व्हायचं. अर्ज माझे, मुलगी माझी, आणि हॉर्न समोरच्यांना.

मी टेप घेऊन मोजलं. माझं गेट मोरीला चाळीस फुटांनी जवळ निघालं. ठाण्यात जाऊन सांगितलं. साहेबांना पटलं की ते कंटाळले, कोण जाणे, पण कोड माझ्या गेटवर आला. मी व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या, पुसल्या.

"मुलगी बघायला येतायत काय?" बायको म्हणाली.

हवालदार आला, स्कॅन केलं आणि गाडी सुरू न करताच ढकलत समोर नेली.

"चहा घ्या ना," मी म्हणालो.

"पुन्हा कधीतरी साहेब. तुमच्याकडं बसलो की वाटतं, आता हातात एक अर्ज पडणार."

चाचा पलीकडून हसले. "अहो, तुम्ही पण या इकडे!"

मी गेलो नाही. आत जाऊन पंख्याचा वेग वाढवला, तिकडचं ऐकू येऊ नये म्हणून.

पुढे त्याची बदली झाली. त्याच्या जागी एक तरुण महिला पोलीस आली. ती गाडीवरून न उतरताच स्कॅन करून निघून जायची. काही दिवसांतच कठड्यावर पुन्हा दोघे दिसले. त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला, "बाबा, मी मागच्या घाटीने येते."

तेव्हा मात्र मी रस्ता ओलांडला.

"चाचा, त्या नव्या बाईंना चहाला बोलवा."

"मी कशाला? कोड तुमच्या दारात. तुम्ही बोलवा."

"माझ्याकडे कोण बसणार?"

"अर्ज नका देऊ, खायला द्या. भाभींचं घावन असताना तुम्ही लोकांना कागद वाढता!"

दुसऱ्या दिवशी बायकोने तवा चढवला. बाईंनी स्कॅन केलं, वास घेतला आणि गाडी बंद केली. त्या व्हरांड्यात बसल्या. गल्लीतल्या बंद पडलेल्या दिव्याचा विषय माझ्या ओठांवर आला होता, तो मी चहाबरोबर गिळला. मोरीवर दोघे आले, रस्त्यातली गाडी पाहिली आणि आल्या पावली परत गेले. थोड्या वेळाने वळणावर स्कूटरचा दिवा दिसला. मुलगी गल्लीतून आली. हॉर्न वाजवला तो समोरच्यांसाठीच.

बाईंनी घावन मोडता मोडता मान वळवली. "समोर कोण राहतात हो? फार छान वाटतात. कालही मला हात केला त्यांनी."

"बोटीवर होते," मी म्हणालो. "तुम्ही अजून एक घावन घ्या."