खांबेट्यांची फोनची पिशवी

पद्माकर खांबेट्यांचा जगात कुणावरच विश्वास नाही. तीस वर्षं कौन्सिलच्या पार्किंग खात्यात काढल्यावर माणूस दुसरं काय शिकणार? रिटायर झाल्यावर ते लोकांना पक्षी दाखवायला लागले, पण नजर तीच राहिली. लंडनमधल्या ईलिंगपासून तासाभरावर चुनखडीची एक बंद पडलेली खाण आहे. उंच पांढरे कडे, खाली गवताचं पातं धड नाही, अगदी वाळवंटातली दरी. तिथे महिन्यातून एकदा ते दहा-बारा जणांना फिरवतात. सुरुवातीलाच सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत गोळा करतात आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला लावतात. स्वतःचा फोन मात्र खिशात. गाइडला लागतो म्हणे.

याला कारण आहे. गेल्या वर्षी कड्यावरच्या बहिरी ससाण्याच्या घरट्यातून चारही अंडी चोरीला गेली. घरट्याची जागा बाहेर कुणी फोडली, हे शोधण्याच्या मागे खांबेटे तेव्हापासून हात धुऊन लागलेत. पहिला संशय माझ्यावर. स्वातीच्या पोटात काही राहत नाही, असं त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत चारचौघांत सांगितलं. मला ते फार लागलं. त्यानंतर मी तिकडे फिरकलेच नाही. या एप्रिलमध्ये गेले ती केवळ ससाण्यांनी पुन्हा अंडी घातल्याचं कळलं म्हणून. त्यांनी माझा डबासुद्धा उघडून पाहिला. आत साबुदाण्याची खिचडी होती.

त्या दिवशी कुश नावाचा एक नवा माणूस आला होता. तिशीतला, मूळचा नागपूरचा, ब्रॅकनेलला आयटीत. खाणीत उतरल्यावर बाकीचे इकडेतिकडे बघत होते, आणि हा थेट घरट्याच्या कपारीवर दुर्बीण लावून उभा. खांबेट्यांनी अजून ससाण्याचं नावही काढलं नव्हतं. ते माझ्याजवळ आले आणि गणपतीनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले ते हे, की हाच तो चोर. मग उलटतपासणी सुरू झाली. गाडी कुठे लावली, दुर्बीण कधी घेतली, इथे कुणी पाठवलं. खरं सांगायचं तर मलाही कुशचा संशय यायला लागला. आपल्यावरचा आळ जाईल म्हणून बरंही वाटलं.

कुश शेवटी वैतागला. “काका, माझा फोन द्या एक मिनिट. आय कॅन शो यू.”

खांबेट्यांनी पिशवी आणखी घट्ट धरली, मग नाइलाजाने फोन दिला. पडद्यावर एक ‘शुभ सकाळ’ होती. वर गुलाब, खाली सुविचार, मधोमध कपारीत बसलेली ससाण्याची मादी आणि मागे खाणीतल्या चुन्याच्या भट्टीचं वाकडं धुराडं. तारीख गेल्या एप्रिलची, चोरीच्या आठवडाभर आधीची. कोपऱ्यात नाव होतं, पद्माकर खांबेटे, ईलिंग.

“आईनं पाठवलं होतं हे, नागपूरहून. तिला योगाच्या ग्रुपवर आलं,” कुश म्हणाला. धुराड्यावरून जागा शोधायला आपल्याला दहा मिनिटं लागली, म्हणून तर इथे नाव नोंदवलं, असंही त्यानं सांगितलं.

खांबेट्यांनी चित्र मोठं करून कोपऱ्यातलं स्वतःचं नाव वाचलं. माझा टोमणा अगदी जिभेवर आला होता, पण त्यांचा चेहरा पाहून मी तो गिळला. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि गेल्या वर्षीची अंडी आपल्यामुळे गेली, असं इंग्रजीत सरळ सांगून टाकलं. कुशची माफी मागितली. मग खिशातून स्वतःचा फोन काढून पिशवीत टाकला आणि पिशवी खांद्यावरून उतरवली.

“स्वातीताई, ही आता तुम्ही सांभाळा,” ते म्हणाले.